व्यायाम तोच, पण ऑपरेशननंतर हिशेब वेगळा

पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलायच्या आणि मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली उतरवायची. स्वीडनमधले डॉक्टर हाकान अल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हा व्यायामक्रम प्रसिद्ध केला. टाचेच्या वरची जी जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) चिमटीत धरता येते, त्या अकिलिस टेंडनच्या जुनाट दुखण्यावर तो आजही जगभर दिला जातो. दिवसातून दोन वेळा, गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट आणि गुडघा किंचित वाकवून 15 चे 3 सेट, असं 12 आठवडे करायचं. करताना दुखलं तरी थांबायचं नाही, हे त्या पद्धतीत स्पष्ट सांगितलेलं होतं. दुखेनासं झालं की पाठीवरच्या पिशवीत वजन टाकून पुढे चालू ठेवायचं.

आता हीच अकिलिस तुटलेली असेल आणि टाके घालून जोडली असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत तीच टाच त्याच पायरीखाली उतरवणं पायाचं नुकसान करतं. जोडलेली शीर ताणली जाते आणि लांबलेल्या अवस्थेतच भरून येते. नंतर ती दुखत नाही, पण चवड्यावर पूर्ण उंच उठता येत नाही आणि धावताना पाय जमिनीला हवा तसा रेटा देत नाही. अशी लांबलेली शीर व्यायामाने पुन्हा आखूड होत नाही. म्हणून तर ऑपरेशननंतरच्या बुटात टाचेखाली उंचवटे देतात आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करतात.

शीर एकच, व्यायामही एकच. एकाला त्यानं गुण येतो आणि दुसऱ्याचं ऑपरेशन वाया जाऊ शकतं. खेळातल्या दुखापतीची फिजिओथेरपी आणि ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी या दोन गोष्टींची गल्लत इथेच होते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: तेच टेबल, तेच रबरी पट्टे, तोच फिजिओ. त्यामुळे ‘माझ्या मित्राचाही गुडघाच होता, त्यानं हे व्यायाम केले’ म्हणून व्यायामाचा कागद फोनवरून फोनवर फिरतो. मला या सवयीची खरंच काळजी वाटते, कारण नुकसान लगेच दिसत नाही.

फरक काय, तर कुणाचं ऐकून पुढचं पाऊल टाकायचं हा. ऑपरेशन न झालेल्या दुखापतीत बहुतेक वेळा दुखणं आणि सूज यांच्याकडे पाहून पुढे जाता येतं. ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र आत काय शिवलंय आणि त्याला किती आठवडे झालेत, हे आधी पाहायचं. दुखण्याचा कौल त्याच्यानंतर घ्यायचा.

आधी पहिलं. उतरताना पाऊल आत वळलं आणि घोटा मुरगळला, ही खेळातली अगदी नेहमीची दुखापत. बहुतेकदा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी, ताणलं जातं किंवा थोडं फाटतं. हाड मोडलंय का, हा पहिला प्रश्न. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले नियम अजून वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला, खालच्या टोकापासून वर 6 सेंमी बोटानं दाबून बघतात. तिथे हाडावरच कळ येत असेल, किंवा दुखापतीनंतर आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच दाबून बघायचे ठरावीक बिंदू आहेत.

हाड शाबूत असेल तर घोट्याला लवकर हलवणं आणि झेपेल तेवढा भार देणं चांगलं. एकेकाळी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं एवढंच सांगितलं जायचं. आज विश्रांतीचा काळ आखूड ठेवतात. कारण ताण मिळाल्याशिवाय लिगामेंटचे धागे योग्य दिशेनं जुळत नाहीत, आणि पोटरी तर आठवडाभरातच वाळू लागते. इथे ऑपरेशन झाल्यासारखं तीन आठवडे पलंगावर पडून राहणं ही उलट दिशेची चूक आहे आणि तीही तितकीच सर्रास होते.

मग किती दुखलेलं चालतं? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही, अशा मोजपट्टीवर जुनाट शिरेच्या दुखण्यात व्यायाम करताना पाचपर्यंत गेलं तरी चालतं. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलेलं हवं, आणि आठवड्यागणिक वाढत जाता कामा नये. ताज्या दुखापतीत मर्यादा याहून खालची धरतात. पण ‘उद्या सकाळी काय म्हणतं’ हा प्रश्न दोन्हीकडे उपयोगी पडतो. सकाळी पलंगावरून उतरल्यावर टाकलेली पहिली पाच-सहा पावलं बरंच काही सांगतात. कालच्याइतकीच आखडलेली असतील तर व्यायाम तसाच चालू ठेवावा, सूज वाढून पाय जड झाला असेल तर कालचा भार जास्त झाला होता. ही भाषा समजली की रुग्णाला दर दोन दिवसांनी फिजिओला विचारावं लागत नाही.

ऑपरेशननंतर ही भाषा काही काळ फसवते, आणि गुडघ्याच्या एसीएलइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट. फाटलेल्या एसीएलच्या जागी बहुधा स्वतःच्याच शरीरातली शीर बसवतात. मांडीच्या मागची घेतात किंवा वाटीच्या खालची. कापून आणलेल्या त्या शिरेचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला असतो, मज्जातंतूंशी असलेला संबंधही तुटलेला असतो. तिच्यातल्या पेशी मरतात, बाहेरून नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात आणि महिनोन्‌महिने ती शीर आतून नव्यानं घडत राहते. हाडात पाडलेल्या बोगद्याशी तिला घट्ट धरायलाही वेळ लागतो. प्राण्यांवरच्या अभ्यासांत हे कलम, म्हणजे बसवलेली ही शीर, साधारण 6 ते 12 आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत कमकुवत झालेलं आढळलं.

नेमक्या याच काळात माणसाला बरं वाटू लागतं. टाके निघालेले असतात, कुबड्या सुटलेल्या असतात, सूज उतरलेली असते, जिना चढता येतो. गुडघा काहीच तक्रार करत नाही. आतली नवी शीर मात्र बसवली त्या दिवशीपेक्षाही कच्ची असू शकते. म्हणून आठव्या आठवड्यात ‘दुखत नाहीये, हळूच धावून बघू का?’ असं कुणी विचारलं की उत्तर तारीख आणि ताकद बघून द्यावं लागतं. दुखत नाही, एवढ्यावर ते देता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती लोकांना आणखी अवघड जाते. काही गोष्टी दुखलं तरी ठरल्या वेळेतच करायच्या असतात. एसीएलनंतर गुडघा पूर्ण सरळ होणं ही त्यातली पहिली. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघ्याखाली काहीच ठेवायचं नाही, आणि गुडघा स्वतःच्या वजनानं खाली जाऊ द्यायचा. मागच्या बाजूला ओढ लागते, नकोसं होतं. त्यामुळे घरची माणसं मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवतात. त्या उशीनं आराम पडतो आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडत जातो. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा सरळ झाला नाही, तर पुढे सांध्यात तयार झालेला वण काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागू शकते. सर्जननं वेगळं काही सांगितलं नसेल, तर ती उशी बाजूला ठेवा.

तशीच गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची. सांध्यात पाणी साचलं की मज्जारज्जूच्या पातळीवर त्या स्नायूला जाणारा इशारा दबतो. माणूस प्रामाणिकपणे जोर लावतो, पण स्नायू आवळलाच जात नाही. हे ऑपरेशन न झालेल्या सुजलेल्या गुडघ्यातही होतं, म्हणून सूज उतरवणं दोन्हीकडे पहिलं काम असतं. यात रुग्णाचा आळस कुठेही नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

‘गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली’ एवढं सांगूनही भागत नाही. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली असेल तर सर्जन एकतर फाटका तुकडा कापून काढतो किंवा ती शिवतो. बाहेरून दोघांच्याही गुडघ्यावर तीच दोन-तीन बारीक छिद्रं. पण कापून काढलेल्या माणसाला साधारणपणे लगेच पायावर भार टाकता येतो आणि गुडघाही झेपेल तसा वाकवता येतो. शिवलेल्या माणसाला बऱ्याचदा सुमारे 6 आठवडे 90 अंशांपलीकडे वाकायची मनाई असते, भार टाकून खोल बसायची तर त्याहून जास्त काळ. एकाच दिवशी ऑपरेशन झालेले दोघं शेजारी बसून व्यायाम करत असतील आणि दुसरा पहिल्याची बरोबरी करायला गेला, तर टाके तुटायचा धोका त्याला आहे. एसीएलसाठी शीर कुठून घेतली यानंही बेत बदलतो. मांडीच्या मागून घेतली असेल तर टाच मागे ओढण्याचे जोराचे व्यायाम सुरुवातीला टाळतात. वाटीच्या खालून घेतली असेल तर गुडघे टेकून बसणं बराच काळ दुखतं.

खांद्याचंही थोडक्यात असंच. कफच्या शिरा, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवती असलेल्या आणि हात उचलणाऱ्या स्नायूंच्या शिरा, नुसत्या दुखत असतील तर हात उचलून ताकद वाढवणं हाच उपचार. त्याच शिरा हाडाला शिवून बसवल्या असतील तर हात साधारण 4 ते 6 आठवडे झोळीत, आणि त्या काळात स्वतःच्या जोरावर तो उचलायचा नाही, हलका वाटला तरीही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ऑपरेशन झालं म्हणजे दुखापत मोठी आणि नुसती फिजिओथेरपी म्हणजे किरकोळ, असं सरसकट धरून चालत नाही. स्वीडनमध्ये एसीएल फाटलेल्या 121 तरुण, खेळत्या माणसांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं ऑपरेशन लवकर करून मग पुनर्वसन केलं, दुसऱ्या गटाला आधी पुनर्वसन दिलं आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी गुडघा कसा वाटतो आणि किती साथ देतो, यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. तोवर दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 23 जणांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. पाच वर्षांपर्यंत त्या गटातल्या सुमारे निम्म्या जणांचं ऑपरेशन झालेलं होतं. म्हणजे एकाच दुखापतीची माणसं दोन्ही वाटांवर भेटतात. वारंवार दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळात परतायचं असेल किंवा चालतानाच गुडघा निसटत असेल, तर पारडं ऑपरेशनकडे झुकतं.

पुढे काही महिन्यांनी दोन्ही वाटा जवळ येतात. कलम पक्कं होत आलं की भार, सूज आणि दुसऱ्या सकाळचा कौल ही पहिली भाषा ऑपरेशन झालेल्यालाही उपयोगी पडू लागते. आणि तिथून पुढे दोघांचीही परीक्षा एकच असते: मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के आहे का, एका पायावर उडी मारून तेवढंच अंतर कापता येतं का, उतरताना गुडघा आत पडतो का. एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळात परतलेल्यांचा नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा अभ्यास 2016 मध्ये आला. ऑपरेशननंतर 9 महिने होईपर्यंत खेळणं जितके महिने पुढे ढकललं, त्यातल्या दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी कमी होत गेलं. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न करताच खेळलेल्यांपैकी 38.2 टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली, चाचण्या पार केलेल्यांमध्ये हे प्रमाण 5.6 टक्के होतं. 9 महिने झाले आणि मांडी अजून बारीकच आहे, तर वेळ भरली असं समजू नये.

ऑपरेशन न झालेल्यांना या चाचण्या सहसा कुणी सांगतच नाही, याचं मला वाईट वाटतं. मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेला, दुखणं थांबलं, मैदानात उतरले आणि पहिल्याच जोराच्या धावेत पुन्हा धरला, असं किती तरी खेळाडूंचं होतं. चालताना न दुखणारा स्नायू पूर्ण वेगाचा ताण सोसेलच असं नसतं. मुरगळलेल्या घोट्यालाही सूज गेल्यावर एका पायावर तोल सांभाळायचा सराव द्यावा लागतो, नाहीतर तो वरचेवर मुरगळतो.

धोक्याच्या खुणा मात्र दोन्हीकडे वेगळ्या. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. त्या जोडीला दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जायचं. ताप, जखमेतून पू किंवा वाढत जाणारी लाली असेल तर सर्जनना लगेच कळवायचं. गुठळीची शंका असताना पोटरी चोळून घेणं धोक्याचं आहे. ऑपरेशन न झालेल्या गुडघ्यात तो मध्येच अडकून सरळच न होणं, किंवा दुखापतीनंतर तासा-दोन तासांत टम्म फुगणं, या खुणा दिसल्या तर व्यायामाआधी तपासणी हवी.

फिजिओकडे पहिल्यांदा जाताना डिस्चार्जच्या कागदांसोबत ऑपरेशनचा तपशील लिहिलेला कागद मागून घ्या. रुग्णालय तो देतं, पण बहुतेक जण मागत नाहीत. काय शिवलं, काय कापलं, शीर कुठून घेतली, भार कधीपासून, किती अंशांपर्यंत वाकवायचं, हे त्यावरून किंवा सर्जनच्या सूचनांवरून कळतं. फिजिओनं तो न विचारताच सांधा वाकवायला घेतला, तर त्यांना तिथेच थांबवून कागद दाखवा.