डार्क रोमान्सचा नायक: बीस्ट की ब्लूबिअर्ड?

डार्क रोमान्स, म्हणजे क्रूर, धोकादायक नायकाच्या प्रेमकादंबऱ्या, वाचणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, या गोष्टींचं मूळ कशात आहे? उत्तर ठरलेलं असतं: ‘ब्युटी अँड द बीस्ट’. माझी भाचीही हेच सांगते. लोकमान्य नगरहून सीताबर्डीला येईपर्यंत मेट्रोत तिचं एखादं प्रकरण वाचून होतं आणि प्रत्येक नायक तिला बीस्टच वाटतो: वरून क्रूर, आतून दुखावलेला, प्रेमाने माणसात येणारा. तिच्याकडच्या बऱ्याच कादंबऱ्या मीही मागून नेल्या आणि आवडीने वाचल्या. पण त्यातल्या कितीतरी गोष्टी बीस्टच्या नाहीतच, त्या ब्लूबिअर्डच्या, म्हणजे परीकथेतल्या निळ्या दाढीच्या खुनी नवऱ्याच्या आहेत, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. दोन्ही कथा लांबून इतक्या सारख्या दिसतात की गफलत व्हावीच. फरक मात्र जिवावरचा आहे. एकीतला नवरा बायकोला जीव लावतो, दुसरीतला तिचा जीव घेतो.

सारखेपणा पटकन सांगता येतो. दोन्हीकडे गडगंज श्रीमंत पुरुष, त्याच्या दिसण्याची भीती वाटावी असा. दोन्हीकडे मोठा वाडा, आणि त्यात मुलगी एकटी. दोन्ही कथा फ्रान्समध्ये छापल्या गेल्या. शार्ल पेरोचा ब्लूबिअर्ड १६९७ चा. ‘ब्युटी’ मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये ऐसपैस लिहिली आणि मादाम लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये ती आटोपशीर केली. आपण लहानपणापासून ऐकतो ती गोष्ट या बोमाँबाईंची.

आता ब्लूबिअर्ड जवळून पाहू. या माणसाची दाढी निळी आहे, म्हणून बायका त्याला पाहून पळतात. शिवाय त्याने आधी बरीच लग्नं केलीत आणि त्या बायकांचं पुढे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. मग तो शेजारच्या बाईला, तिच्या दोन मुलींना आणि त्यांच्या मैत्रिणींना आपल्या गावाकडच्या घरी आठ दिवस ठेवून घेतो. शिकार, नाच, मेजवान्या, रात्र रात्र गप्पा. आणि धाकटीला वाटायला लागतं की याची दाढी काही तितकी निळी नाही! पेरोच्या अख्ख्या कथेत मला हे वाक्य सगळ्यात भयंकर वाटतं, पुढच्या रक्तापेक्षाही. दाढीचा रंग तोच आहे, आठ दिवसांच्या पाहुणचारात तिची नजर तेवढी बदलली. डार्क रोमान्सच्या पहिल्या शंभर पानांत नेमकं हेच घडतं. खाजगी विमान, हिरे, रेशमी गाऊन येतात आणि नायकाने कोणाचा तरी खून केलाय ही बातमी वाचणाऱ्यालाही फिकी वाटायला लागते.

लग्नाला महिना होतो आणि तो कामासाठी बाहेरगावी निघतो. जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्या हातात देतो. एक लहान खोली सोडून सगळं उघड, म्हणतो. ती उघडलीस तर माझ्या रागाला सीमा नाही. ती उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं. किल्ली हातून रक्तात पडते, आणि किल्ली जादूची असल्यामुळे तो डाग वाळूने घासला तरी जात नाही. नवरा त्याच संध्याकाळी परततो. ती प्रार्थनेसाठी थोडा वेळ मागून घेते, बहीण ॲन बुरुजावरून वाट पाहते, शेवटी दोन भाऊ घोडे फेकत येतात आणि त्याला मारतात. पेरोने शेवटी पहिला बोध जोडला तो मात्र बायकांच्या उत्सुकतेवर. हे मला अजिबात पटत नाही. ज्याला खरंच खोली लपवायची आहे, तो तिची किल्ली हातात कशाला देईल?

बीस्टच्या वाड्यात बोमाँबाईंनी असली खोली ठेवलेलीच नाही. तिथे एका दारावर मुलीच्या नावाची पाटी आहे आणि आतल्या पुस्तकात लिहिलंय की इथली राणी आणि मालकीण तूच. सुरुवात धमकीनेच होते, हे मान्य करायला हवं. बापाने गुलाब तोडला म्हणून बीस्ट त्याचा जीव मागतो, नाहीतर मुलगी. पण त्याचीही अट अशी की ती राजीखुशीने आली पाहिजे. नंतर रोज रात्री जेवणाच्या वेळी तो तिला लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते, आणि तो उसासा टाकून निघून जातो. असं तीन महिने चालतं. दार तोडत नाही, जेवण बंद करत नाही, बापाच्या जिवाचं नाव काढत नाही. ती माहेरी जायचं म्हणते तेव्हा, तू आली नाहीस तर मी दुःखाने मरेन हे माहीत असूनही तिला जाऊ देतो. तिच्या हातात परतीची अंगठी असते. परत यायचं तर ती झोपताना टेबलावर काढून ठेवायची; ठेवायची की नाही, हे तिचं ती ठरवणार.

मग ‘बीस्टच्या वाड्यातला बंद भाग’ आपल्या डोक्यात आला कुठून? १९९१ च्या डिस्नेच्या चित्रपटातून. तिथे वाड्याच्या पश्चिमेकडच्या भागात जायची बंदी आहे, बेल तिथे जाते आणि तो तिच्यावर ओरडतो. म्हणजे ब्लूबिअर्डची खोली उचलून बीस्टच्या घरात बसवली. चित्रपट सुंदर आहे, पण माझ्या मते तो पाहून मोठ्या झालेल्या वाचकांना या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अवघड जातं, त्याचं एक कारण हेच.

आपल्याकडेही ही गफलत होते. हल्ली ‘रावणाने सीतेला स्पर्शही केला नाही’ असं कौतुकाने सांगणारे खूप भेटतात, रामटेकच्या गडावर उभं राहूनही सांगतात. वाल्मीकी रामायणात त्याने बळजबरी न करण्याचं कारण दिलंय: आधी एका अप्सरेवर बळजबरी केल्याबद्दल रावणाला शाप होता, पुन्हा तसं केलं तर डोक्याची शकलं होतील. उत्तरकांडात अशीच कथा रंभा आणि नलकूबराच्या नावाने येते. आणि सीतेला त्याने बारा महिन्यांची मुदत दिली होती, ती संपली की आचारी तुला न्याहारीसाठी कापतील, या शब्दांत. अशोकवन कितीही फुललेलं असो, हा ब्लूबिअर्डच आहे. तो थांबला तो स्वतःच्या भीतीने. बीस्टला थांबवायला कोणताच शाप नव्हता. तो शापाने पशू झालेला राजपुत्र, तिने लग्नाला हो म्हटलं तरच सुटणार; म्हणजे त्याच्यावरचा शाप तर घाई करायला लावणारा होता, तरी तो थांबला.

उलट उदाहरण आपल्या विदर्भातलंच. रुक्मिणीहरण नुसतं ऐकलं तर काय वाटेल? मुलीला ऐन लग्नाच्या वेळी रथात घालून पळवली, भावाला हरवून त्याचे केस कापले. डार्क रोमान्सचा मसाला पुरेपूर आहे. पण भागवताच्या दशम स्कंधात आधी पत्र येतं आणि ते तिचं असतं. मी देवीच्या दर्शनाला बाहेर येईन, तेव्हा मला ने, असं तिनेच लिहिलंय. बेत तिचा, वेळ तिची. कौंडिण्यपूरच्या या मुलीची कथा एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ म्हणून सांगितली आणि लग्न ठरावं म्हणून मुली तिचं पारायण करत आल्या. नावात हरण असलं तरी कथा तिच्या मर्जीची आहे.

मधल्या गोष्टीही असतात, आणि मला त्याच जास्त ओढतात. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) वाड्यात शिकवायला आलेल्या जेनला तिसऱ्या मजल्याचा अंधारा बोळ पाहून ब्लूबिअर्डच्या किल्ल्याची आठवण होते, तसं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. वर कोंडलेली, मालकाची पहिली बायको आहेच. हा मालक रॉचेस्टर ब्लूबिअर्डसारखा सुरू होतो: लपवतो, खोटं लग्न लावायला निघतो. जेन मात्र परवानगी न मागता रात्रीतून निघून जाते आणि परत येते ती काकाच्या वारशामुळे स्वतःच्या पायावर उभी राहून. तोवर वाडा जळालेला, त्याची दृष्टी गेलेली. ब्लूबिअर्डचं घर पाडल्यावरच तिथे बीस्टची गोष्ट उभी राहू शकली. असा बदल आजही कोणी लिहिला तर मी तो मनापासून मानते, पण घर पडायला हवं.

म्हणून नायकाने किती खून केले ते मी मोजत नाही. कादंबरीच आहे, खलनायक हवाच, आणि असल्या गोष्टी वाचणाऱ्या मुलींना खऱ्या आयुष्यात तसला नवरा हवा असतो हा आरोप मला साफ चुकीचा वाटतो. मी एवढंच बघते: तिने ‘नाही’ म्हटल्यावर पुढच्या पानावर काय होतं? तिने जाते म्हटल्यावर गेट उघडतं का? भाचीच्या सध्याच्या कादंबरीत नायक ‘तुझ्याच सुरक्षेसाठी’ म्हणून तिचा फोन काढून घेतो. तीन प्रकरणांनी ती तो मागते, तर हा तिला हार आणून देतो. वाचक विरघळतात. फोन मिळतच नाही. शेवटी त्याच्या बालपणीचं दुःख कळतं, तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि लग्न. ब्लूबिअर्डला बीस्टचा शेवट चिकटवलाय. तो बदलल्याचं लेखिका सांगते, पण तसं कुठल्याच पानावर घडत नाही.

ज्यांना काळोखच हवा आहे आणि खलनायकाला माफ केलेलं नकोय, त्यांनी ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली ‘फिचर्स बर्ड’ जरूर वाचावी. ती याच बंद खोलीची गोष्ट. इथे जादूगार किल्लीबरोबर एक अंडंही देतो आणि ते सतत जवळ बाळगायला सांगतो. दोन बहिणींच्या हातून ते रक्तात पडतं आणि त्या मरतात. तिसरी आधी अंडं नीट सांभाळून ठेवते, मगच दार उघडते. बहिणींचे तुकडे जुळवून त्यांना जिवंत करते, टोपलीत लपवून वर सोनं ठेवते आणि ती टोपली त्या जादूगाराच्याच पाठीवर देऊन माहेरी पाठवते. तो वाटेत टेकला की मागून आवाज येतो, खिडकीतून मला दिसतंय, चल पुढे! त्याला वाटतं नवरीच ओरडतेय. मग ती अंगाला मध फासून, पिसांत लोळून, विचित्र पक्षी होऊन त्याच्या आणि त्याच्या पाहुण्यांच्या समोरून चालत निघून जाते, आणि तिचे भाऊ घराला बाहेरून कुलूप लावून आग देतात.