कंटेनर इमेजचं अपडेट : ‘अपग्रेड’च्या एका ओळीवरून झालेला वाद

कंटेनर म्हणजे एकाच सर्व्हरवर वेगळी कप्पेबंद चालणारी सॉफ्टवेअरची खोली, आणि इमेज म्हणजे ती खोली ज्यावरून उभी राहते तो तयार साचा. या कल्पनेची वंशावळ १९७९ च्या सीएचरूट या युनिक्सच्या सोयीपासून सांगता येईल, पण आपला प्रश्न मार्च २०१३ नंतरचा, डॉकर हे कंटेनरचं साधन आल्यानंतरचा. तोवर सर्व्हरवर लॉगिन करून पॅकेज अपडेट केलं की विषय मिटायचा. इमेज मात्र बांधली त्या तारखेला गोठते. चालत्या कंटेनरमध्ये पॅच मारला तरी कंटेनर इमेजवरून नव्याने उभा केला की जुनीच फाइल हजर. २०१४ मध्ये एप्रिलात हार्टब्लीड आणि सप्टेंबरात शेलशॉक या सुरक्षेतल्या मोठ्या त्रुटी उघडकीला आल्या, तेव्हा हे दुखणं ठळक झालं.

मग डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधायच्या कृतीत, ‘आरयूएन एपीटी-गेट अपग्रेड’ ही सगळी पॅकेजं ताजी करणारी ओळ घालावी की नाही, यावर वाद पेटला. अधिकृत मार्गदर्शिका बराच काळ ‘टाळा’ म्हणत होती: विशेषाधिकार नसलेल्या कंटेनरमध्ये काही पॅकेजं अपग्रेड होत नाहीत, तेव्हा बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज रचतो ती) सांभाळणाऱ्यांनीच ती ताजी ठेवावी. माझ्या मते हा सल्ला महागात पडणारा होता. बेस कधी ताजी होईल ते आपल्या हातात नसतं. पुढे तो सल्ला मार्गदर्शिकेतून गेला. पण ओळीच्या विरोधकांचा एक मुद्दा खरा होता. ओळीचा मजकूर आणि तिच्या वरचं काही बदललं नाही, तर बिल्ड (इमेज बांधणं) आधीचा साठवलेला निकाल, म्हणजे कॅश, वापरून पुढे सरकतं. अपग्रेडची ओळ आहे, अपग्रेड झालेलंच नाही! साठवलेलं वापरू नको असं सांगणारा ‘नो-कॅश’ पर्याय दिल्याशिवाय भागत नाही.

कोल्हापुरात दूध संस्था, पतसंस्था आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांना एकाच बेसवरून सॉफ्टवेअर पुरवायचं, तर गुंता वाढतो. बेस बदलली तरी प्रत्येक ग्राहकाची इमेज वेगळी बांधावी लागते, कंटेनर वेगळा बदलावा लागतो. दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल निघत असताना रीस्टार्टला कोण हो म्हणणार? शिवाय कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळ्यांचा एकच, होस्टचा (कंटेनर ज्यावर चालतात त्या यंत्राचा). कंटेनर सुरू करणाऱ्या रनसी या प्रोग्रॅममधली फेब्रुवारी २०१९ ची त्रुटी तर होस्टवरच दुरुस्त करावी लागली.

डिसेंबर २०२१ च्या लॉगफोरशेलने, म्हणजे लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या त्रुटीने, वादाची हवाच काढली. लायब्ररीची जार फाइल अ‍ॅपसोबत आलेली. एपीटी तिला हात लावत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेली चोरवाट सापडली, ती नेमकी नव्या आवृत्त्यांत. डेबियन लिनक्सची जुनी, स्थिर ‘स्टेबल’ आवृत्ती वापरणारे वाचले. म्हणून जाणकार डायजेस्ट पिन करतात (बेस इमेजची नेमकी आवृत्ती तिच्या ठशाने पक्की करतात), ठरलेल्या वारी नो-कॅश बिल्ड लावतात आणि आधी एकाच ग्राहकावर चालवून पाहतात. शक्यतो बिल निघून गेल्यावर.