ग्रंथिल ऊतक

रक्तातून पाणी, क्षार व पोषकद्रव्ये घेऊन त्यांपासून विशिष्ट स्राव तयार करणाऱ्या आणि तो बाहेर टाकणाऱ्या पेशींच्या समूहाला ग्रंथिल ऊतक म्हणतात. त्याची गणना अभिस्तर ऊतकात, म्हणजे शरीराचे बाह्य आवरण व अवयवांचे अस्तर बनवणाऱ्या ऊतकात होते, कारण बहुतेक ग्रंथी भ्रूणावस्थेत आवरणाच्या पेशी खालच्या संयोजी ऊतकात शिरून वाढल्याने बनतात. आवरणाशी असलेला दुवा नळीच्या रूपाने टिकला, तर ग्रंथी बाह्यस्रावी होते. तो नाहीसा झाला, तर ती अंतःस्रावी होते आणि तिचा स्राव, म्हणजे संप्रेरक, थेट रक्तात उतरतो. गळ्यातील अवटू ग्रंथीचा उगम जिभेच्या मुळाशी होतो, आणि तिची खाली उतरण्याची वाट पुरती बुजली नाही, तर गळ्याच्या मध्यभागी गाठ येते. रुग्णाने जीभ बाहेर काढताच ही गाठ वर सरकते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा मात्र चेतासंस्थेच्या मूळ पेशींपासून बनत असल्याने या नियमाला अपवाद आहे.

सर्वांत साधी ग्रंथी एका पेशीची असते. आतडे व श्वासनलिका यांच्या अस्तरातील चषक पेशी श्लेष्म स्रवून ते अस्तर ओले ठेवतात. बहुपेशीय ग्रंथी नळीसारख्या किंवा घडासारख्या असतात. घडासारख्या ग्रंथीतील स्रावक गोलकाचे लॅटिन नाव ‘अ‍ॅसिनस’ असून त्याचा अर्थ द्राक्षासारखे लहान फळ असा होतो, त्यामुळे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ही रचना निराळी समजावून सांगावी लागत नाही: मणी म्हणजे स्रावक गोलक, मण्याचा देठ म्हणजे लहान नळी आणि घडाचा दांडा म्हणजे मुख्य वाहिनी. उपमा इथवरच चालते. द्राक्षात रस देठातून मण्याकडे येतो, तर ग्रंथीत तो मण्यातून देठाकडे जातो. शिवाय ग्रंथीच्या मण्यात साठ्याची जागा जवळजवळ नसतेच, आणि भोवतीच्या आकुंचनशील पेशी स्राव पुढे ढकलतात.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षाचा विद्यार्थी हे गोलक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि गुलाबी व जांभळ्या पेन्सिलींनी जर्नलमध्ये काढतो. कानाजवळच्या लाळग्रंथीत पातळ, विकरयुक्त (पचनास मदत करणारी एन्झाइम असलेला) स्राव देणाऱ्या गडद पेशी दिसतात. जिभेखालच्या ग्रंथीत चिकट श्लेष्म देणाऱ्या फिकट पेशींचे प्राबल्य असते. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. झणझणीत तर्रीची मिसळ खाताना लाळ, डोळ्यांतले पाणी आणि कपाळावरचा घाम एकाच वेळी सुरू होतो, कारण मिरचीतील कॅप्सेसिनने चेतवलेल्या चेतातंतूंचा संदेश या तिन्ही ग्रंथींपर्यंत काही क्षणांत पोहोचतो.

स्राव बाहेर पडण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. लाळग्रंथीची पेशी शाबूत राहून स्राव सोडते. दुग्धग्रंथीत दुधातील स्निग्धांश पेशीच्या टोकाचे पातळ आवरण घेऊन सुटतो. त्वचेतील तैलग्रंथीत अख्खी पेशीच फुटून तेल बनते.

स्वादुपिंड एकाच वेळी दोन्ही प्रकारांत मोडते. त्याचा बहुतांश भाग पाचकरस नळीवाटे लहान आतड्यात सोडतो, तर जर्मन शास्त्रज्ञ पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेली पेशींची बेटे वजनाने जेमतेम १ ते २ टक्के असूनही इन्शुलिन व ग्लुकॅगॉन रक्तात सोडून साखरेचे नियमन करतात. यकृत ही सुमारे दीड किलो वजनाची सर्वांत मोठी ग्रंथी पित्त आतड्यात सोडते.

ग्रंथींच्या विकारांना मराठीत जुनी नावे आहेत, आणि ती पाठ्यपुस्तकी संज्ञांपेक्षा जास्त बोलकी वाटतात. गालगुंडात कानाजवळची लाळग्रंथी सुजते, गलगंडात अवटू ग्रंथी वाढते, रांजणवाडी पापणीच्या ग्रंथीला जंतुसंसर्ग झाल्याने येते आणि उन्हाळ्यातले घामोळे घामाच्या नळ्या तुंबल्याने उठते. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण मात्र या पंक्तीत बसत नाही. ती सुजलेली लसीका गाठ (लिम्फ नोड) असते. तिला सर्रास ग्रंथी म्हटले, तरी ती स्राव तयार करत नाही, लसीका गाळते.