ऑनर्स की मायनर? मेकॅनिकलच्या वर्गातला नेहमीचा गोंधळ

दुसऱ्या वर्षाच्या आसपास वर्गात फॉर्म फिरतो: ऑनर्स घेणार की मायनर? मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "आपल्याला कुठलं ऑनर्स, सीजीपीए बघ माझा!" त्या बिचाऱ्याला ऑनर्स म्हणजे डिस्टिंक्शनचा थोरला भाऊ वाटतो. तसं नाही. काही विद्यापीठं नाव घालताना किमान सीजीपीएची (आतापर्यंतच्या सरासरी ग्रेडची) किंवा केटी (नापास होऊन राहिलेला विषय) नसण्याची अट लावतात, पण ऑनर्स मिळतं ते जादा विषय करून.

एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) २०१८ च्या आराखड्यात बी.टेक. १६० क्रेडिटची धरली आहे; क्रेडिट म्हणजे विषयाला लागणाऱ्या तासांवरून ठरणारं माप. त्यावर साधारण १८ ते २० क्रेडिट जास्तीचे केले, की पदवीला ऑनर्स किंवा मायनरची जोड मिळते. म्हणजे कष्ट दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की जादा विषय कुणाच्या घरचे. मेकॅनिकलच्या मुलीने आपल्याच विभागात रोबोटिक्सचे विषय केले, तर तिची पदवी 'मेकॅनिकल, ऑनर्स, रोबोटिक्समध्ये स्पेशलायझेशन'. तिनेच कॉम्प्युटर विभागात जाऊन एआयचे विषय केले, तर ते मायनर. आणि मूळ शाखा दोन्ही वेळा मेकॅनिकलच! मायनर केलं म्हणून कुणी कॉम्प्युटर इंजिनीअर होत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.

महाराष्ट्रातल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्याने यात भर घातली. त्यात 'मल्टिडिसिप्लिनरी मायनर' नावाचे १४ क्रेडिट मूळ पदवीतच आहेत. ते सगळ्यांनाच करावे लागतात. जादा क्रेडिटचं मायनर वेगळं. सीनियरच्या आणि तुमच्या तोंडी शब्द एकच असला तरी तो दुसऱ्याच मायनरबद्दल बोलत असण्याची शक्यता आहे.

आता वेळेचा हिशोब. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजेही एकच. २० क्रेडिट पाच सेममध्ये वाटले तर सेमला चार: तीन तास लेक्चर, दोन तास प्रॅक्टिकल, म्हणजे दर आठवड्याला पाच तास जास्तीचे. हे तास बसवायला रिकामा वार उरतो तो बहुधा शनिवार, आणि कॅम प्रोफाइलची (यंत्रातल्या एका भागाच्या आकाराची) ड्रॉइंग शीट पुरी करायला राखून ठेवलेलाही तोच असतो. त्यातून पाचव्या-सहाव्या सेमला हीट ट्रान्सफर आणि मशीन डिझाइन मानगुटीवर असतंच.

माझं मत विचाराल तर डिझाइन, थर्मल अशा कोअर क्षेत्रातच राहायचं, पुढे एम.टेक. करायचं, असं पक्कं असेल तर ऑनर्स. कोडिंगची खरंच आवड असेल तर मायनर. प्लेसमेंटच्या धास्तीने घेतलेलं मायनर मात्र सहाव्या सेमपर्यंत टिकलेलं मी फारसं पाहिलं नाही.

दोन्हींत काही क्रेडिट स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचावरून आणायची सोय असते. साधारणपणे १२ आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा धरतात. पण परीक्षेची फी भरण्याआधी तो कोर्स तुमच्या यादीत कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे विभागाकडून लेखी घ्या. "चालेल रे" असं सरांनी कॉरिडॉरमध्ये सांगितलेलं मार्कशीटवर उमटत नाही.