मंडल फ्रेम करून टांगायचं असतं का?

‘मंडलाचं चित्र दारावर लावा, घरातले दोष जातात, जितकं जुनं तितकं प्रभावी’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. मंडल म्हणजे पूजेसाठी किंवा ध्यानासाठी आखलेली आकृती. चित्र सुंदर असतं, पटकन पटतंही.

पण मंडल मुळात मांडायचं असतं. आपल्या कोकणातलंच एखाद्या व्रताचं उद्यापन आठवा. ओटीवर भटजी चौरंगावर पांढरं कापड पसरतात, एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघांनी ३२४ घरं आखतात आणि त्यांत रंगवलेले तांदूळ भरतात. (हळदीचे पिवळे हात दोन दिवस तसेच.) हे सर्वतोभद्र मंडल. त्या घरांत देवतांना आवाहन होतं, मधे कलश बसतो. उत्तरपूजेला अक्षता टाकून त्यांचं विसर्जन झालं की तांदूळ गोळा. म्हणजे जुनं व्हायला मंडल उरतच नाही.

तिबेटी बौद्धांचं वाळूचं मंडलही असंच. भिक्षू कित्येक दिवस रंगीत वाळू कणाकणाने ओततात, विधी संपला की झाडून वाहत्या पाण्यात सोडतात. अनित्यतेची आठवण म्हणून. कापडावर रंगवलेली मंडलं मात्र टिकवतात, पण ती ध्यानाला आधार म्हणून. साधक मंडलात दाखवलेल्या देवतेच्या प्रासादात मनाने शिरतो; नुसतं टांगणं हा त्यांचा मुख्य हेतू नाही.

पडताळणी सोपी आहे. पुढच्या उद्यापनाला जरा लवकर जा, घरं मोजा आणि उत्तरपूजेपर्यंत थांबा. भटजींना विचारलंत तर कुठल्या देवतेचं आवाहन कुठे होतं तेही सांगतील. भिंतीवरचं चित्र आवडत असेल तर खुशाल ठेवा, छान दिसतं.