मास्टर्स स्प्रिंटला नाव द्यायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी वयोगट, कागदपत्रं आणि फॉर्मची माहिती

ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सकाळी चालायला येणाऱ्या लोकांशी दोन शब्द बोललं की हा प्रश्न येतोच, की आमच्या वयाच्या माणसांची शंभर मीटरची रेस खरंच असते का हो, आणि नाव कुठे द्यायचं. असते. ६० वर्षांच्या माणसाची असते आणि ९० वर्षांच्या आजींचीही असते. २०२२ ला फिनलंडमध्ये तांपेरेला जागतिक मास्टर्स स्पर्धा, म्हणजे वयाप्रमाणे गट पाडून घेतात ती मोठ्यांची स्पर्धा, झाली तेव्हा आपल्या भगवानी देवी डागर ९४ वर्षांच्या होत्या आणि १०० मीटर त्या २४.७४ सेकंदात धावून गोल्ड घेऊन आल्या. त्याआधी २०१७ ला ऑकलंडमध्ये मान कौर १०१ व्या वर्षी १०० मीटर धावल्या, आणि त्यांनी धावायला सुरुवातच ९३ व्या वर्षी केली होती. म्हणजे वयाचं कारण कोणालाच नाही. अडतं ते कागदांवर. मी स्वतः २०० मीटर धावते आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फॉर्म भरून दिलेत, त्यामुळे जे जे अनुभवलं ते इथे एकत्र लिहून ठेवतेय.

आधी पात्रता. जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड मास्टर्स अॅथलेटिक्स, तिथे पुरुष आणि बायका दोघांनाही ३५ पूर्ण असावे लागतात आणि पुढे दर पाच वर्षांनी गट बदलतो, ३५ ते ३९, ४० ते ४४ असं. पुरुषांना एम ३५, एम ४० आणि बायकांना डब्ल्यू ३५, डब्ल्यू ४० असं लिहितात, फॉर्मवर हेच भरायचं असतं. आपल्याकडच्या जिल्हा आणि राज्य पातळीच्या बऱ्याच स्पर्धा ३० पासूनच घेतात, तेव्हा पस्तिशीची वाट बघू नका, पण त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा. आधी कधी धावलेलं असायलाच हवं अशी अट कुठेच नाही. कॉलेजात धावणारा आणि पन्नाशीत पहिल्यांदा स्पाइक्स म्हणजे खिळ्यांचे बूट घालणारा, दोघं एकाच रांगेत उभे राहतात.

आता वय कसं मोजतात, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून नीट सांगते. तुमची रेस ज्या दिवशी आहे त्या दिवशीचं वय धरत नाहीत, स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं धरतात. समजा जन्मतारीख १ जून १९६६ आहे आणि स्पर्धा ३० मे २०२६ ला सुरू होऊन ३ जूनपर्यंत चालणार आहे. तुमची १०० मीटर २ जूनला आहे, तोपर्यंत तुम्ही साठचे झालात, तरीही तुम्ही एम ५५ मध्येच धावणार. तीच स्पर्धा १ जूनला सुरू झाली असती तर एम ६०. दोन दिवसांचा फरक, पण स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी अंतराच्या वेगाच्या रेसमध्ये, गटातला सगळ्यात तरुण असणं आणि सगळ्यात मोठा असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, त्यामुळे ज्यांचं वर्ष गट बदलायचं आहे त्यांनी कॅलेंडर समोर ठेवूनच फॉर्म भरा. रिलेत वेगळा हिशोब, टीममधल्या सगळ्यात लहान माणसाच्या वयावर गट ठरतो, म्हणून चार जणांची टीम करताना एकच तरुण मित्र घेतला तर बाकीचे तिघंही त्याच्या गटात ओढले जातात.

मी वर १ जून ही तारीख मुद्दाम घेतली. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत आणि आपल्यातल्याही कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. खरी तारीख घरात दिवाळीच्या आसपास, नाहीतर 'पूर आला त्या वर्षी' अशी सांगतात आणि कागदावर १ जून. माझ्या मते ही तारीख आता बदलायच्या फंदात पडू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख इतक्या वर्षांनी बदलून घेणं फार किचकट आहे, आणि स्पर्धेला खरी-खोटी कोणती याच्याशी घेणंदेणं नसतं, सगळ्या कागदांवर एकच आहे ना एवढंच बघतात. दाखल्यावर १ जून, पॅनवर १ जून आणि आधारवर घरच्यांनी सांगितलेली १४ नोव्हेंबर असं असेल तर मात्र अडकलात. अशा वेळी आधार दुरुस्त करून घ्या, पण लक्षात ठेवा की आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे सेंटरवर जायच्या आधी कोणता दाखला लावायचा ते घरीच पक्कं करा आणि ऑपरेटरने टाइप केलेली तारीख पावतीवर वाचूनच तिथून उठा.

आणि आधारच्या भरवशावर राहू नका. आधार ही ओळखीची आणि पत्त्याची गोष्ट आहे, जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते आता बऱ्याच ठिकाणी चालत नाही, पीएफच्या ऑफिसनेही २०२४ च्या जानेवारीत ते त्या यादीतून काढलं. शिवाय जुन्या आधार कार्डांवर पूर्ण तारीख नसायचीच, फक्त 'जन्म वर्ष' एवढंच. माझ्या बाबतीत हेच झालं. पहिल्याच मीटला मी जुनं आधार घेऊन गेले, टेबलावरच्या माणसाने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला ताई, यात नुसतं वर्ष आहे, तारीख कुठाय, आणि माझा गट त्याच महिन्यात बदलत होता. बाकी काही जवळ नव्हतं. मुलाला फोन लावला, त्याने कपाट उघडून दाखल्याचा फोटो पाठवला, तो त्यांनी चालवून घेतला म्हणून धावले, पण वॉर्म-अपचा सगळा वेळ त्या टेबलापाशी गेला आणि थंड पायांनी स्टार्टच्या ब्लॉकवर गेले. तेव्हापासून माझ्या बॅगेत एक प्लास्टिकचं फोल्डर कायम असतं.

त्या फोल्डरमध्ये काय ते सांगते. जन्माचा दाखला असेल तर तोच वर ठेवा, त्याला तोड नाही. तो जिथे जन्म झाला तिथल्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मिळतो, म्हणजे राहता ठाण्यात आणि जन्म साताऱ्याच्या गावातला असेल तर गावालाच अर्ज करावा लागणार. तो नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट. माझ्या वडिलांचा दाखला मी पाहिलाय, घडीवर विरलेला, निळ्या शाईत अंकात आणि खाली अक्षरी लिहिलेली तारीख, आणि अंकातला ६ पुसट होऊन शून्यासारखा दिसायला लागलेला. असा दाखला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत आत्ताच मागवा, शाळा सुट्टीत बंद असताना आठवण येते मग. पासपोर्ट असेल तर सगळ्यात सोपं, एका पुस्तिकेत नाव, तारीख, फोटो सगळं. याशिवाय पासपोर्ट साइजचे चार-सहा फोटो, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, स्वतः सही केलेल्या, आणि ओरिजिनल सोबत.

बायकांसाठी वेगळं लिहावंच लागेल. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. नेरूळच्या एका काकूंचा फॉर्म मी भरला, ६३ वर्षांच्या, शाळेत नाव कुसुम आणि लग्नात बदललेलं वेगळं, आडनावही बदललेलं, म्हणजे कागदावर त्या दोन पूर्ण वेगळ्या बायका होत्या. विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट असेल आणि त्यात दोन्ही नावं असतील तर काम भागतं, पण त्यांच्या काळात नोंदणी कोण करत होतं. मग राजपत्रात नावबदल छापून घेतला, तो आता ऑनलाइन अर्ज करून होतो. त्याला वेळ लागतो म्हणून स्पर्धा जाहीर व्हायच्या आधीच करून ठेवा. काकूंनी केलं आणि पुढच्या वर्षी डब्ल्यू ६० ला धावल्या, साडीवर चालणाऱ्या बाई ट्रॅक पँटमध्ये बघून त्यांच्या नातीने स्टँडमधून जे ओरडायला सुरुवात केली ते अजून कानात आहे.

आता नाव द्यायचं कुठे. आपल्याकडे जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय असा रस्ता आहे आणि तुमचा जिल्हा पत्त्यावर ठरतो. नवी मुंबईकरांचा इथे गोंधळ होतो. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतं, पण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात. बोलताना सगळेच नवी मुंबई म्हणतात, एंट्री मात्र रायगडमधून करावी लागते. तसंच वसई-विरारची मंडळी २०१४ च्या ऑगस्टपासून पालघर जिल्ह्यात गेली. नुकतंच घर बदललं असेल तर आधारवरचा पत्ता बदलून घ्या नाहीतर जुन्या जिल्ह्यातूनच धावा, मधलं काही करू नका. आणि एक कळकळीची विनंती, मास्टर्स या नावाने स्पर्धा घेणाऱ्या एकापेक्षा जास्त संघटना देशात आहेत, नावंही मिळतीजुळती असतात, तेव्हा व्हॉट्सअॅपवर आलेल्या पोस्टरवर लगेच पैसे पाठवू नका. ज्यांना पुढे बाहेरदेशी धावायचंय त्यांनी वर्ल्ड मास्टर्सच्या वेबसाइटवर भारताची सदस्य संघटना कोणती दिलीय ते बघून तिच्याशी जोडलेल्या राज्य संघटनेकडेच जावं. ज्यांना नुसतं धावायचंय त्यांनी कुठेही धावा, आनंद तोच आहे, पण सर्टिफिकेट पुढे कुठे चालेल हे आधी विचारून घ्या.

फॉर्म साधा असतो. नाव दाखल्यावर आहे तसंच, जन्मतारीख, गट, इव्हेंट, रक्तगट, घरच्याचा नंबर. बहुतेक ठिकाणी तीन वैयक्तिक इव्हेंट आणि रिले घेता येते. स्प्रिंटवाले १००, २०० आणि ४०० तिन्हीवर टिक करतात, माझा सल्ला आहे की पहिल्या वर्षी दोनच घ्या, कारण हीट म्हणजे आधीची फेरी आणि फायनल धरून ४०० नंतर २०० ला पायात काही उरत नाही आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, तिथेच जाते. हर्डल्स म्हणजे अडथळ्यांची शर्यत घेणाऱ्यांनी गटाप्रमाणे अंतर आणि उंची बघावी, एम ३५ ते एम ४५ ला ११० मीटर, पन्नाशीपासून १०० मीटर, सत्तरीपासून ८० मीटर आणि उंचीही उतरत जाते. यूपीआयने फी भरली की स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्यावर तुमचं नाव दिसतंय का बघा, मुलाच्या मोबाइलवरून भरली की नंतर कोणाची फी हे शोधत बसावं लागतं.

फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे सही-शिक्क्याची औपचारिकता समजू नका. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर त्यावर हवा, पण त्याआधी चाळिशीच्या पुढच्यांनी ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही करा. स्प्रिंट म्हणजे जॉगिंग नाही, दहा-पंधरा सेकंदात शरीर पूर्ण ताकदीने ओढलं जातं.

गोळ्यांचंही बघा, हे फार कमी जणांना माहीत असतं. मोठ्या मास्टर्स स्पर्धांना डोपिंगचे, म्हणजे बंदी घातलेल्या औषधांचे, नियम लागू होतात. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे एच लावलेला असतो त्यात बऱ्याचदा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि बंदीच्या यादीत आहे. इन्सुलिनही बंदीच्या यादीत आहे. याचा अर्थ औषध बंद करायचं असा अजिबात नाही, उपचारासाठी वापरायची परवानगी मिळते, तिला टीयूई म्हणतात आणि त्यासाठी डॉक्टरचे रिपोर्ट लावून अर्ज करायचा असतो. नाडाचं, म्हणजे डोपिंग रोखणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, 'नो युअर मेडिसिन' अॅप आहे, त्यात तुमची गोळी शोधा आणि शंका असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा, स्वतःहून बदलू नका.

बाहेरदेशी जायचं असेल तर जागतिक स्पर्धेला अमुक सेकंदात धावलंच पाहिजे अशी पात्रता वेळ नसते, पण एंट्री आपल्या राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते आणि खर्च स्वतःचा. पासपोर्ट काढायचा असेल तर ३६ पानी साध्या पुस्तिकेला १५०० रुपये, ठाणेकरांना वागळे इस्टेटला जावं लागतं. जन्मदाखला नाही म्हणून घाबरू नका, तो सक्तीचा फक्त १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे, आपल्याला शाळेचा दाखला किंवा पॅन चालतं. आधीचा पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने मुदत शिल्लक हवी. सरकारी, पालिका किंवा बँकेत नोकरीला असाल तर ऑफिसची एनओसी लागते, तिचा अर्ज तिकिटाच्या आधी टाका.

स्पर्धेच्या दिवशी फोल्डर, चेस्ट नंबर आणि सेफ्टी पिना. नंबर घरूनच नीट लावायचा असेल तर आदल्या दिवशी घेऊन या, सकाळच्या गर्दीत पिना संपतात. सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइकची लांबी ९ मिलिमीटरच्या वर चालत नाही. गुडघे वाकत नसतील तर काळजी करू नका, मास्टर्समध्ये ब्लॉक आणि खाली बसून स्टार्ट घेणं सक्तीचं नाही, उभ्यानेही सुरुवात करता येते आणि सत्तरीतले कितीतरी जण तशीच करतात. रिझल्टमध्ये चूक वाटली तर जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत तक्रार द्यायची, घरी येऊन फोन करून उपयोग नाही. आणि सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच, टेबलासमोर उभं राहून, नावाचं स्पेलिंग, गट आणि जन्मतारीख दाखल्याशी लावून बघा, कारण पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मला हेच सर्टिफिकेट जोडायचं असतं.