गावाच्या कृष्णधवल चौकटीमागचा जुना वाद

गावच्या जगण्याचं छायाचित्र कसं बांधावं, या प्रश्नाला सुरुवातीपासून दुसरा एक प्रश्न चिकटलेला आहे. समोरचं दृश्य छायाचित्रकाराने किती हलवायचं?

एकोणिसाव्या शतकात छायाचित्र ज्यांवर टिपत त्या रसायन लावलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. जमिनीचे तपशील उतरेपर्यंत आभाळ कोरं पांढरं होऊन जाई. म्हणून ढग वेगळ्या निगेटिव्हवरून जोडत. आभाळ जोडता येतं तशी माणसंही जोडता येतात. इंग्लंडच्या हेन्री पीच रॉबिन्सन या छायाचित्रकाराने तेच केलं. चित्रकलेच्या नियमांनी आखलेल्या त्याच्या ग्रामदृश्यांत खेडुतांच्या वेशातली मॉडेल असत. त्याच काळातला छायाचित्रकार पीटर हेन्री इमर्सन याला हे साफ नामंजूर होतं. त्याने नॉरफोकच्या पाणथळ भागातले कष्टकरी त्यांच्याच जागी टिपले आणि १८८६ मध्ये ती छायाचित्रं प्लॅटिनम प्रिंटच्या (प्लॅटिनमच्या क्षारांनी छापलेल्या चित्रांच्या) रूपात प्रसिद्ध केली. मुख्य विषय स्पष्ट, भोवताल किंचित मऊ, ही त्याची रीत.

वाद खरा पेटला तो १९३६ मध्ये. अमेरिकी सरकारसाठी ग्रामीण दैन्याची नोंद करणाऱ्या आर्थर रोथस्टीनने भेगाळलेल्या जमिनीवरची बैलाची कवटी काही फूट सरकवून पुन्हा टिपली. निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधकांनी बनावाचा आरोप केला. दुष्काळ खरा होता, तरी त्या एका कवटीने साऱ्या कामावर संशय ओढवला. कॅमेरा हलवणं आणि वस्तू हलवणं यातला फरक दस्तऐवजी छायाचित्रणात तेव्हापासून फार काटेकोरपणे पाळला जाऊ लागला, आणि तो तसाच पाळला जावा असं मला ठामपणे वाटतं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात निपोमोच्या मजूर तळावर त्याच सरकारी प्रकल्पातली छायाचित्रकार डोरोथिया लँग एका आईच्या तंबूकडे लांबून टिपत टिपत जवळ गेली. शेवटच्या चौकटीत ना शेत उरलं, ना आभाळ. गालाला टेकलेला हात, तोंडं फिरवलेली दोन मुलं आणि मांडीवरचं तान्हं. इथे रचना पायांनी झाली. पुढे कोपऱ्यातला तंबूच्या खांबावरचा अंगठा मात्र तिने निगेटिव्हवरून पुसून टाकायला लावला, आणि प्रकल्पप्रमुख रॉय स्ट्रायकर त्यावर नाराज झाले.

छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अलाबामात तिकाटण्यावरचा, ८ × १० इंची निगेटिव्हचा कॅमेरा कुळांच्या अगदी समोर लावला. फळ्यांच्या भिंतीपुढे उभी माणसं सरळ भिंगात बघतात, आणि लाकडाच्या रेषा नि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सारख्याच स्पष्ट उमटतात.